गज, कातर आणि सुई : संत नामदेवांचे शिंपीपण

चैत्र सरतो आणि बालाघाटाच्या माथ्यावर उन्हाचा ताव वाढू लागतो. बीड, गेवराई, माजलगाव, परळी, अंबाजोगाई... दुपारी रस्ते ओस पडतात, गुरे झाडाची सावली धरून उभी राहतात. या दिवसांत अंगाला चिकटणारा कपडा कोणालाच सोसवत नाही. म्हातारी माणसे सैल बंडी आणि धोतर यांखेरीज दुसरे काही अंगावर घेत नाहीत. लहान मुलींसाठी घेरदार झगे आणि परकर-पोलकी, तान्ह्या बाळांसाठी झबली शिवायला टाकली जातात. खादी, मलमल, वायल, मांजरपाट, पॉपलिन अशा सुती कापडांची ठाणे उलगडली जातात आणि शिलाई यंत्रांचा आवाज रात्री उशिरापर्यंत ऐकू येतो. यातल्या पुष्कळ दुकानांत विठ्ठलाच्या तसबिरीशेजारी आणखी एक तसबीर असते. ती संत नामदेवांची. समोर दिवा लावल्याशिवाय कातर हाती न घेणारे कारागीर आजही भेटतात.

नामदेव महाराजांचे चरित्र महाराष्ट्राला नवे नाही. विठ्ठलाला नैवेद्य जेवू घालणारा बालभक्त, चंद्रभागेच्या वाळवंटात कीर्तनाचा रंग भरणारा कीर्तनकार, भागवत धर्माची पताका पंजाबापर्यंत नेणारा यात्रिक अशा त्यांच्या प्रतिमा घरोघरी ठाऊक आहेत. मात्र या सगळ्या प्रतिमांच्या मागे एक शिंपी उभा आहे, याचा सहसा विसर पडतो. गज, कातर आणि सुई ही त्याच्या घराण्याची हत्यारे होती. त्या हत्यारांशी त्याचे आयुष्यभर भांडण झाले आणि अखेर त्याच हत्यारांच्या भाषेत त्याने देवाशी संवाद साधला. शिंपी असणे आणि भक्त असणे यांच्यातला हा ताण समजून घेतल्यावाचून नामदेव पुरते समजत नाहीत.

दामाशेटींचे घर

परंपरेनुसार नामदेवांचा जन्म शके ११९२ च्या कार्तिक शुद्ध एकादशीला, म्हणजे इ. स. १२७० मध्ये झाला. वडिलांचे नाव दामाशेटी, आईचे गोणाई. घराण्याचे आडनाव रेळेकर. पूर्वज यदुशेटी हे नरसी-बामणी या गावचे. पूर्वी परभणी जिल्ह्यात असलेले हे गाव १९९९ पासून हिंगोली जिल्ह्यात मोडते. नामदेवांचा जन्म नरसीला झाला की पंढरपुरात, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. परंतु त्यांचे बालपण आणि संसार पंढरपुरात घडला, याबद्दल दुमत नाही.

'शेटी' हा नावापुढचा शब्द सहज आलेला नाही. शिंपी समाजात कापड शिवणारे होते, तसे कापड विकणारेही होते. गठ्ठा पाठीवर टाकून आठवडी बाजार करायचे, गिऱ्हाइकाने घेतलेले कापड मापून फाडायचे आणि शिवूनही द्यायचे, असा हा दुहेरी धंदा होता. गावगाड्यात शिंप्याची गणना अलुतेदारांत होई. बारा बलुतेदारांसारखा प्रत्येक घराकडून ठरलेला वाटा त्याला मिळेलच असे नव्हते. काम असेल तेव्हा मोबदला, नसेल तेव्हा उपास, अशी त्याची स्थिती होती. सणावाराला आणि लग्नसराईला हात पुरायचे नाहीत आणि पावसाळ्यात सुई गंजायची. नामदेवांच्या घरातल्या ओढाताणीच्या कथा वाचताना धंद्याचे हे स्वरूप ध्यानात ठेवावे लागते.

बेतण्याची कला

यादवकालीन महाराष्ट्रात बहुसंख्य माणसांचा पोशाख न शिवलेलाच असे. पुरुषांना धोतर, उपरणे आणि डोक्याला मुंडासे, तर स्त्रियांना लुगडे. शिंप्याच्या वाट्याला येत त्या अंग्या, चोळ्या, टोप्या आणि मुलांचे कपडे. काम थोडे वाटले, तरी त्यात कसब मोठे होते. हातमागाच्या कापडाचा पन्हा अरुंद असे. एवढ्याशा पन्ह्यात अंगभर सैल वस्त्र काढायचे आणि कापडाची एक चिंधीही वाया जाऊ द्यायची नाही, हे खरे कौशल्य. मराठीत त्यासाठी 'बेतणे' हा सुंदर शब्द आहे. कातर चालवण्यापूर्वी सारे वस्त्र मनात उभे करायचे, मगच कापडाला हात घालायचा. एकदा कापले की ते पुन्हा जोडता येत नाही.

उष्ण प्रदेशातल्या सैल कपड्याचे तंत्र या बेतण्यातच दडलेले आहे. अंगी सरळ पट्ट्यांतून कापायची, बाजूंना त्रिकोणी कळ्या जोडून घेर वाढवायचा, काखेत चौकोनी तुकडा लावायचा म्हणजे हात वर करताना कापड ताणत नाही आणि शिवण उसवत नाही. पुढे गुंड्यांऐवजी बंद लावायचे. बंद सैल करता येतात, घट्ट करता येतात, वारा आत खेळता राहतो. पुढील शतकांत महाराष्ट्रात रुळलेली बाराबंदी ही याच पद्धतीची. बारा ठिकाणी बांधायचे बंद म्हणून तिला हे नाव पडले. जाडेभरडे कापड असेल तर धावदोऱ्याची शिवण चालते, कारण त्या कापडाचा पोतच शिवणीला धरून ठेवतो. तलम कापडाला मात्र बारीक टीप आणि दुमडलेली तुरपाई लागते, नाहीतर धागे सुटतात. कोणत्या कापडाला कोणती सुई, किती जाड दोरा आणि किती ढील, याचे ज्ञान पोथीत नव्हते. ते बापाच्या हातातून मुलाच्या हातात येत होते. दामाशेटींच्या हातातले ते ज्ञान नामदेवांकडे यायचे होते.

चांगल्या कापडाचीही त्या काळी महाराष्ट्रात वाण नव्हती. यादवांची राजधानी देवगिरी तलम कापडासाठी नावाजलेली होती आणि दिल्ली दरबारचा कवी अमीर खुस्रो यानेही देवगिरीच्या वस्त्रांची वाखाणणी केली आहे. पैठणचे विणकाम तर त्याहून जुने. पंढरपूरच्या यात्रेत असे नाना तऱ्हेचे कापड येत असणार. मात्र शिंप्याच्या हातून जाणारे तलम वस्त्र त्याच्या स्वतःच्या घरात कधी येत नसे.

घरातला कलह

विठ्ठलाच्या पायरीशी वाढलेल्या या मुलाचे मन दुकानात रमेना. त्याचे लग्न झाले, राजाई घरात आली. नारा, विठा, गोंदा, महादा हे चार मुलगे आणि लिंबाई ही मुलगी झाली. पुढे चार सुना आल्या. गंगाखेडहून आलेली जनाबाई लहानपणापासून याच घरात होती. एवढ्या माणसांचे पोट शिंपीकामावर चालायचे होते आणि कर्ता पुरुष मात्र दिवसचे दिवस देवळात नाहीतर वाळवंटात!

गोणाई आणि राजाई यांच्या नावे परंपरेने जपलेल्या अभंगांत या दोघींचा संताप, आर्जव आणि हताशपणा मोकळेपणाने उतरला आहे. आई मुलाला घरी फिरायला सांगते, विठ्ठलालाच जाब विचारते, आपला मुलगा परत मागते. राजाईला मुलांच्या तोंडात काय घालावे, याची चिंता पडलेली असते. घरात धान्य नाही, अंगावर धड वस्त्र नाही. दुसऱ्यांचे कपडे शिवणाऱ्या घरात नेसायला धडके लुगडे नसावे, यातला सल तिच्या बोलण्यातून जाणवतो. या दोघींना अडाणी किंवा संसारासक्त ठरवून मोकळे होणे सोपे आहे. तथापि वारकरी परंपरेने तसे केले नाही, ही तिची थोरवी. नामदेवांच्या अभंगांबरोबर या दोघींच्या तक्रारीही तिने जपून ठेवल्या.

अठराव्या शतकात महिपतींनी संतचरित्रे लिहिली. त्यांतली एक कथा नामदेवांच्या व्यापाराविषयी आहे. कापड विकायला म्हणून ते बाजारात जातात आणि भजनात दंग होतात. उघड्यावर पडलेले धोंडे पाहून त्यांना कळवळा येतो. ते सारे कापड त्या धोंड्यांवर पांघरतात आणि उधारीला जामीन म्हणून त्यातलाच एक धोंडा घरी घेऊन येतात. घरच्यांनी कपाळाला हात लावला, पण त्या धोंड्याचे सोने झाले. दुसऱ्या कथेत केशवशेटी नावाच्या सावकाराचे रूप घेऊन प्रत्यक्ष विठ्ठल मोहरांची गोणी राजाईच्या दारी आणून देतो. चमत्काराचा भाग बाजूला ठेवला, तरी या कथांतून एक गोष्ट स्पष्ट होते. नामदेवांच्या घरची उपासमार लोकांच्या स्मरणात इतकी खोल रुतली होती, की ती मिटवायला लोकांना देवालाच पाठवावे लागले!

तेरचे कच्चे मडके

पंढरपुरात नामदेवांना मान होता. देव आपल्याशी बोलतो, आपल्या हातचे जेवतो, ही भावना त्यांच्या ठायी होती. त्या भावनेत सूक्ष्म अहंकारही होता. तो उतरला तेर येथे. बीड जिल्ह्याच्या सीमेपासून फार दूर नसलेले, आज धाराशिव जिल्ह्यात असणारे हे गाव गोरोबाकाकांचे. ज्ञानदेव, निवृत्तिनाथ, सोपानदेव, मुक्ताबाई आणि इतर संत तेथे जमले असता मुक्ताबाईंनी गोरोबांना विचारले, की यांतली मडकी कोणती भाजली आणि कोणती कच्ची, ते सांगावे. गोरोबांनी हातात थापटणे घेऊन एकेकाच्या डोक्यावर थापटले. इतर सारे शांत राहिले. नामदेव मात्र रागावले. गोरोबांनी निर्णय दिला : हे मडके कच्चे आहे.

या प्रसंगाला एक पार्श्वभूमी आहे. तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषक व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस' या समुद्रप्रवासाच्या वर्णनात या नगराचा उल्लेख येतो. तेथून गाड्यांवर लादून साधे जाडे कापड आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल भडोच बंदराकडे जात असे, असे तो नोंदवतो. म्हणजे नामदेवांच्याही बारा शतके आधी मराठवाड्याच्या या भागातले सुती कापड समुद्रापार पोहोचत होते. कापडाच्या अशा जुन्या पेठेत एका शिंप्याची परीक्षा एका कुंभाराने आपल्या हत्याराने घ्यावी, यात मोठे औचित्य आहे. कोणीही पोथी उघडली नाही. कारागिराने कारागिराला कसाला लावले.

औंढ्याची पायरी

दुखावलेले नामदेव गुरूच्या शोधात निघाले आणि औंढा नागनाथला आले. तेथे विसोबा खेचर शिवलिंगावर पाय ठेवून पडलेले त्यांना दिसले. नामदेवांनी त्यांना पाय काढायला सांगितले. जेथे देव नाही अशा जागी तूच माझे पाय उचलून ठेव, अशा आशयाचे उत्तर मिळाले. नामदेव पाय उचलीत गेले आणि प्रत्येक ठिकाणी त्यांना लिंगच दिसले. पंढरीच्या विटेवरचा देव चराचरात आहे, याची जाणीव त्यांना तेथे झाली. विसोबांचा त्यांनी गुरू म्हणून स्वीकार केला.

औंढ्याचीच दुसरी एक कथा याहून बोचरी आहे. नामदेव देवळासमोर कीर्तनाला उभे राहिले असता त्यांना तेथून हाकलून लावण्यात आले. ते देवळामागे जाऊन गाऊ लागले, तेव्हा देऊळच फिरले, असे सांगतात. गुरू ग्रंथसाहिबात समाविष्ट असलेल्या त्यांच्या पदांतही हा प्रसंग आला आहे. त्यात आपल्याला हीन जातीचा म्हणून उठवले, याची वेदना ते लपवत नाहीत आणि या कुळात जन्म का दिला, असा प्रश्न देवालाच करतात. ज्याच्या हातचे वस्त्र अंगावर चालते, तो माणूस मात्र देवळात चालत नाही, हा विरोधाभास त्या प्रश्नामागे आहे. नामदेवांनी त्याचे उत्तर आपल्या आचरणातून दिले. चोखोबा हे त्यांचेच शिष्य. मंगळवेढ्याला गावकुसाची भिंत कोसळून चोखोबा त्याखाली गाडले गेले. परंपरा या घटनेचे वर्ष १३३८ सांगते. तेव्हा नामदेव स्वतः मंगळवेढ्याला गेले, त्यांच्या अस्थी शोधून आणल्या आणि विठ्ठल मंदिराच्या महाद्वारासमोर त्यांची समाधी उभारली.

परळीचा सखा

नामदेवांच्या भोवती जमलेला संतांचा मेळा हा गावगाड्यातल्या कष्टकऱ्यांचा मेळा होता. गोरोबा कुंभार, सावता माळी, नरहरी सोनार, सेना न्हावी, चोखोबा महार आणि दळणकांडण करणारी जनाबाई. जो तो आपापल्या धंद्याच्या शब्दांत अभंग रचत होता. या मेळ्यात बीड जिल्ह्याचाही वाटा आहे. परळी वैजनाथचे जगमित्र नागा हे नामदेवांच्या समकालीन संतांपैकी एक. साऱ्या जगाशी मैत्री करणारा म्हणून त्यांना हे नाव पडले. गावातल्या मत्सरी लोकांनी त्यांचे घर जाळले, तरी त्यांनी कोणाचा द्वेष केला नाही, असे त्यांच्या चरित्रात सांगतात. त्यांची समाधी परळीलाच आहे. जनाबाईंचे गंगाखेड परळीच्या शेजारचे. ज्ञानदेवांचे पूर्वज त्र्यंबकपंत हे यादवांच्या काळी बीड प्रांताचे अधिकारी होते, अशीही परंपरा आहे. नरसी, औंढा, गंगाखेड, परळी, तेर आणि पंढरपूर ही गावे नकाशावर जोडली, तर नामदेवांच्या आयुष्याची वाट मराठवाड्यातून कशी गेली आहे, ते ध्यानात येते.

ज्ञानदेवांशी त्यांचा स्नेह जिवाभावाचा. दोघांनी मिळून तीर्थयात्रा केल्या. त्या यात्रेचे आणि पुढे ज्ञानदेवांच्या समाधीचे वर्णन नामदेवांनी अभंगांतून केले. 'आदि', 'तीर्थावळी' आणि 'समाधी' या तीन प्रकरणांतून ज्ञानदेवांचे जे चरित्र उभे राहते, ते मराठीतल्या आद्य चरित्रांपैकी एक मानले जाते. समाधीचे वर्ष १२९६. त्याच वर्षी अल्लाउद्दीन खिलजीने देवगिरीवर स्वारी केली. मित्र गेला आणि राज्यही डळमळले. १३१८ मध्ये यादवांची सत्ता संपुष्टात आली. १३२७ मध्ये महंमद तुघलकाने देवगिरीचे दौलताबाद करून राजधानी तेथे आणली. सैन्याच्या ये-जा, करांचे ओझे आणि भीती यांनी मराठवाड्याची गावे पोखरून निघाली. अशा काळात सामान्य माणसाला धीर देणारे काही हवे होते. नामदेवांचे कीर्तन ते काम करीत होते.

रंगवणे आणि शिवणे

ज्ञानदेवांच्या समाधीनंतर नामदेव उत्तरेकडे गेले. राजस्थान, हरियाणामार्गे ते पंजाबात पोहोचले आणि गुरदासपूर जिल्ह्यातल्या घुमान येथे त्यांनी दीर्घकाळ वास्तव्य केले. परंपरा हा काळ सुमारे वीस वर्षांचा सांगते. तेथल्या लोकांसाठी त्यांनी हिंदी वळणाच्या भाषेत पदे रचली. त्यांपैकी ६१ पदे शिखांच्या पवित्र गुरू ग्रंथसाहिबात आहेत. १६०४ मध्ये गुरू अर्जनदेवांनी आदिग्रंथाचे संकलन केले, तेव्हा पंढरपूरच्या शिंप्याची ही वाणी त्यात सन्मानाने घेतली गेली. याच घुमानमध्ये २०१५ च्या एप्रिलमध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले होते.

या पदांत एक पद शिंपीकामाचे आहे आणि नामदेवांच्या आयुष्यातला जुना कलह त्यात मिटलेला दिसतो. मन हा गज होतो, जीभ ही कातर होते आणि त्यांनी मापून मापून यमाचा फास कापला जातो. रंगवण्याचे आणि शिवण्याचे आपले काम चालूच आहे, नामाशिवाय एक क्षणही जात नाही, असा त्याचा आशय. सुई सोन्याची आहे, दोरा रुप्याचा आहे आणि चित्त देवाशी जोडले गेले आहे. ज्या दुकानातून तरुणपणी ते उठून गेले होते, त्याच दुकानात ते या पदातून परत येऊन बसले आहेत. आता गज, कातर, सुई यांना सोडण्याचे कारण उरले नाही. माप घेणे, कापणे, जोडणे हेच भजन झाले आहे. गोणाई आणि राजाई यांनी आयुष्यभर मागितले ते हेच होते, की सुई हातातून टाकू नकोस. उत्तर मिळायला मात्र फार उशीर झाला आणि ते मिळाले तेही घरापासून शेकडो कोस दूर.

या पदात शिवण्याबरोबर रंगवण्याचाही उल्लेख यावा, हे लक्षात घेण्याजोगे आहे. उत्तरेत नामदेवांना 'छीपा' म्हटले गेले. छीपा म्हणजे कापडावर ठसे उमटवून ते रंगवणारा. त्यामुळे महाराष्ट्रातले शिंपी, कर्नाटकातले नामदेव सिंपी, राजस्थानातले छीपा आणि पंजाबातले छींबा अशा वस्त्राशी जोडलेल्या अनेक समाजांनी नामदेवांना आपले मानले. कित्येकांनी 'नामदेव' हेच आपल्या समाजाचे नाव म्हणून स्वीकारले. जयपूरजवळच्या बगरू आणि सांगानेर येथे ठशांनी रंगवलेले जे सुती कापड होते, ते छीपा कारागिरांच्या हातचे. उन्हाळ्यात अंगाला गार वाटणारे ते कापड आज मराठवाड्यातल्या दुकानांतही मिळते आणि येथले शिंपी त्याचे सैल कुडते, झगे शिवून देतात. ठसे उमटवणारा आणि शिवणारा एकमेकांना ओळखत नाहीत. परंतु दोघांच्या भिंतीवरची तसबीर एकच असू शकते.

पहिली पायरी

आयुष्याच्या अखेरीस नामदेव पंढरपूरला परतले. शके १२७२ च्या आषाढ वद्य त्रयोदशीला, म्हणजे १३५० मध्ये, वयाच्या ऐंशीव्या वर्षी त्यांनी विठ्ठल मंदिराच्या महाद्वारात समाधी घेतली. त्यांच्यासोबत घरातल्या माणसांनीही समाधी घेतली आणि बाळंतपणासाठी माहेरी गेलेली एक सून, लाडाई, तेवढी त्या वेळी मागे होती, असे परंपरा सांगते. महाद्वारातली ती पायरी 'नामदेव पायरी' म्हणून ओळखली जाते. संतांच्या पायांची धूळ आपल्या माथ्यावर पडावी, ही त्यांची इच्छा होती. ज्याला एका देवळाच्या दारातून उठवण्यात आले, त्याच्या स्मरणाला वंदन केल्यावाचून पंढरीच्या देवळात आता कोणी पाऊल टाकत नाही.

त्या पायरीपाशी नामदेवांचे नाव घेतले जाते. गोणाई आणि राजाई यांची आठवण मात्र थोडेच काढतात. कर्ता पुरुष वाळवंटात गात असताना घर उभे ठेवले ते या बायकांनी. उधार-उसनवार करून चूल पेटती ठेवली, मुले मोठी केली. त्यांनी तक्रार केली म्हणून त्यांची भक्ती उणी ठरत नाही. उलट देवाशी भांडण्याचा अधिकार त्यांनीही नामदेवांइतकाच गाजवला. नामदेवांच्या थोरवीला जे अस्तर लागले आहे, ते या दोघींच्या कष्टांचे आहे. अस्तर वरून दिसत नाही. पण ते नसेल तर वस्त्र फार दिवस टिकत नाही, हे कोणताही शिंपी सांगेल.

जेष्ठ-आषाढात दिंड्या बीड जिल्ह्यातून पंढरीकडे जातात. पैठणची नाथांची पालखी पाटोद्याच्या बाजूने, शेगावची गजानन महाराजांची पालखी परळी-अंबाजोगाईच्या वाटेने. सैल पांढरी बंडी, सदरा, धोतर, डोक्याला पागोटे किंवा टोपी अशा वेशातले हजारो वारकरी मैलोन्‌मैल चालतात. उन्हात घाम टिपणारे आणि पावसात भिजले तर चालता चालता वाळणारे ते साधे सुती कपडे कोणत्या ना कोणत्या गावच्या शिंप्याने वारीआधी घाईघाईने शिवून दिलेले असतात. काही शिंपी दुकान बंद करून वारीला जातात. पुष्कळांना ते जमत नाही. घर चालवायचे असते. ते यंत्रापाशीच बसून राहतात आणि एकादशीच्या दिवशी तसबिरीला हार घालून पुन्हा कामाला लागतात. नामदेवांच्या घरी जो प्रश्न सात शतकांपूर्वी पडला होता, तो त्यांनाही पडतो. गज, कातर आणि सुई खाली न ठेवता त्यांनी त्याचे उत्तर आपल्यापुरते शोधलेले असते.